भुईमुगाची भावकी

गौरी जेवणाच्या दिवशी भाचीच्या घरी पहिली पंगत बसली, तेव्हा तिचा चार वर्षांचा मुलगा माझ्या शेजारच्या पाटावर होता. सगळ्यांच्या पानांत पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची मिसळलेली भाजी आणि काकडीची कोशिंबीर वाढून झाली होती. त्याच्या पानात भाताची मूद, तूप, दही आणि बटाट्याची भाजी एवढेच होते. त्याची आजी वरणाचे भांडे घेऊन आमच्या ओळीत आली, तसे त्याने दोन्ही तळहात भाताच्या मुदीवर उपडे धरले. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते, आजी त्याला वरण वाढणारही नव्हती. तो रडला नाही, कुरकुरला नाही. रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाचे बोट धरावे इतक्या सवयीने त्याने ते केले, आजी पुढे गेल्यावर हात काढून घेतले आणि तो दहीभात कालवू लागला. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, आणि दाण्याचा कण जरी दिसला तरी त्याने पानावर हात धरावेत हे योग्यच होते. पण वरण? आपल्याकडे उष्टावणाच्या दिवशी बाळाच्या ओठांना जे अन्न पहिल्यांदा लागते, ते मऊ वरणभात, त्याची भीती या मुलाला कधी आणि कोणी शिकवली, हा प्रश्न त्या दुपारपासून माझ्या मनातून गेला नाही.

भाचीकडून नंतर सगळे सविस्तर समजले. मुलगा दीड वर्षाचा असताना कोणीतरी कौतुकाने त्याच्या हातावर राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा ठेवला होता. त्या लाडवात दाणे होते. काही मिनिटांत ओठ सुजले, पोटापासून मानेपर्यंत गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली आणि श्वासाबरोबर छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. रुग्णालय जवळ होते आणि तिथे वेळेवर अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले म्हणून तो वाचला. त्यानंतर रक्ताची तपासणी झाली. अहवालात शेंगदाण्यासमोरचा आकडा मोठा होता, आणि त्याच्या खाली हरभरा, मसूर, वाटाणा, मूग, सोयाबीन या प्रत्येकासमोर लहान लहान आकडे होते, तेही ‘पॉझिटिव्ह’ या शिक्क्यासह. कोणीतरी त्या कागदावरून बोट फिरवून सांगितले की हे सगळे एकाच कुळातले आहे, सगळेच बंद करा. घर शाकाहारी. त्या एका वाक्याने मुलाच्या ताटातून तूर गेली, मूग गेला, उसळी गेल्या, बेसन गेले, इडली-डोशातला उडीदही गेला. भाची म्हणाली, “मावशी, त्या रात्री त्याचा श्वास मी ऐकलाय. मला कोणी पाणी बंद करायला सांगितलं असतं, तर तेही केलं असतं.” यावर तिला उत्तर देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, आणि आजही नाही.

तिची भीती खरी होती. तिची कक्षा मात्र कोणी तपासून पाहिली नव्हती.

दाण्यांपासून दूर राहणे हेच मुळात मराठी घरात किती अवघड आहे, याचा विचार आपण सहसा करत नाही, कारण दाणे आपल्याला दिसतच नाहीत. पोह्यांत आणि चिवड्यात ते दिसतात, पण खरा वावर असतो तो कुटाचा. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यांत कूट, मेथीच्या भाजीला दाटपणा यावा म्हणून कूट, उपवासाच्या खिचडीत तर मुठीने कूट. अळूच्या पातळ भाजीत भिजवलेले दाणे, खानदेशी भरतात तळलेले दाणे, सोलापूरकडच्या घरांत शेंगाचटणी आणि शेंगापोळी, मराठवाड्यात झिरके, ठेच्यात भरड दाणे, संक्रांतीला गुळाच्या पाकात तिळाबरोबर दाणे. कुटाचा डबा फोडणीच्या डब्याशेजारी असतो आणि एकच चमचा दोन्हीकडे जातो. मिक्सरच्या ज्या भांड्यात सकाळी दाणे फिरवले, त्यातच दुपारी नारळाची चटणी वाटली जाते. भांडे विसळलेले असते, पण पात्याखालच्या खाचेत राखाडी भुरका राहतो आणि त्याला भाजलेल्या दाण्यांचा वास येतो. तो वास मला लहानपणापासून प्रिय आहे. भाचीच्या घरी गेल्यावर आता तोच वास नाकाला जाणवला तर मी सावध होते. एकाच वासाबद्दल इतक्या परस्परविरुद्ध भावना मनात असू शकतात, हे मला यापूर्वी कधी जाणवले नव्हते.

माझे आजोळ कराडजवळ. खरिपातला भुईमूग काढायला आला की आम्हा मुलांना शेंगा तोडायला बसवत. वेल उपटला की ओल्या मातीचा आणि हिरव्या शेंगांचा मिळून एक तुरट वास येई. आजोबा मुळांवरच्या बारीक गाठी दाखवून सांगत की या गाठींमुळे रान कसदार होते, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मुळांनाही अशाच गाठी असतात. पिवळे फूल जमिनीवर उमलते, ते सुकल्यावर त्याला आऱ्या सुटतात, त्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीच्या पोटात भरते. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे पीक आमच्या रानात इतके रुळले होते की ते परके आहे असे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. बदाम, काजू, अक्रोड यांच्याशी भुईमुगाचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही, त्याचे नाते तूर, मूग, मटकी, चवळी, पावटा, कुळीथ यांच्याशी आहे. आणि हे कूळ आपल्या समजुतीहून फार मोठे आहे. गवार, मेथी, चिंच, ज्येष्ठमध, हादगा हे सगळे त्यातलेच. ‘एकाच कुळातले सगळे बंद’ हा नियम शब्दशः पाळायचा झाला तर आमटीतली चिंचही काढावी लागेल. तसे कोणी सांगत नाही, आणि तो नियम किती ढोबळ आहे हे त्यावरूनच दिसते.

अहवालातले ते लहान आकडे येतात कुठून, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडले नाही. बी म्हणजे रोपाची शिदोरी. अंकुर फुटून पाने येईपर्यंत पुरावीत म्हणून त्यात प्रथिने साठवलेली असतात, आणि डाळींचे आपल्याला जे महत्त्व आहे ते याच साठ्यामुळे. शेंगदाण्यातल्या अशा प्रथिनांना शास्त्रज्ञांनी अ‍ॅरा एच १, अ‍ॅरा एच २, अ‍ॅरा एच ३ अशी नावे दिली आहेत. त्यांतल्या पहिल्याची आणि तिसऱ्याची भावंडे मसूर, वाटाणा, हरभरा, सोयाबीन यांच्यातही असतात. भावकीतल्या माणसांची चेहरेपट्टी जुळावी तशी त्यांची घडण काही ठिकाणी जुळते. शेंगदाण्याविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे, म्हणजे अ‍ॅलर्जीला कारणीभूत ठरणारी रक्तातली प्रथिने, ही जुळणारी घडण ओळखतात, आणि रक्ताच्या तपासणीत मसुरासमोरही आकडा उमटतो. पण ओळख पटणे वेगळे आणि शरीराने युद्ध पुकारणे वेगळे. गंभीर त्रासाशी ज्याचा संबंध सर्वांत निकटचा दिसतो, ते अ‍ॅरा एच २ इतर डाळींमध्ये तितक्या सारख्या रूपात आढळत नाही. म्हणून तपासणीचा कागद आणि जेवणाचे ताट यांच्यात पुष्कळ अंतर पडते.

हे अंतर किती मोठे आहे, ते अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले होते. बर्नहिसेल-ब्रॉडबेंट आणि सॅम्पसन या दोन संशोधकांनी त्वचाचाचणीत, म्हणजे पदार्थाचा अर्क त्वचेवर टोचून पाहण्याच्या चाचणीत, शेंगवर्गीय पदार्थांना प्रतिसाद देणारी ६९ मुले निवडली. त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या त्वचेने एकाहून अधिक शेंगवर्गीयांना प्रतिसाद दिला होता. प्रत्यक्ष पदार्थ खाऊ घालून पाहिल्यावर मात्र एकापेक्षा अधिक शेंगवर्गीय बाधली ती फक्त २ मुलांना. गेल्या पस्तीसेक वर्षांत यात पुष्कळ बारकावे जोडले गेले, तरी मूळ गोष्ट तीच राहिली आहे: केवळ शेंगदाणा बाधतो म्हणून सगळ्या डाळी बंद करायला आधार नाही. हे वाचताना मला आधी संताप आला आणि मग वाईट वाटले. माझ्या भाचीच्या जन्माच्याही आधी छापून आलेली ही माहिती तिच्या मुलाच्या ताटापर्यंत पोहोचली नव्हती.

अपवाद आहेत, आणि ते किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. युरोपात ल्युपिन नावाचे कडधान्य खातात. पोर्तुगाल आणि इटलीत त्याचे खारवलेले दाणे चघळतात, आणि त्याचे पीठ पाव व पास्त्यात मिसळतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या एका मुलीला अमेरिकेत ल्युपिनचे पीठ घातलेला पास्ता खाऊन अंगावर गांधी आणि सूज आल्याची नोंद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे अशा नोंदी वाढल्या आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये ल्युपिनचा समावेश वेष्टनावर जाहीर करण्याच्या अ‍ॅलर्जीकारकांच्या यादीत केला. युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे नाव लक्षात ठेवलेच पाहिजे, कारण ते आपल्या स्वयंपाकघरात कधी नव्हते आणि म्हणून वेष्टनावर वाचूनही आपली नजर त्यावर थांबत नाही. दुसरा अपवाद आपल्या फार जवळचा आहे, मेथी. नॉर्वेतल्या संशोधकांना करी पावडरमधल्या मेथीने त्रास झालेले रुग्ण आढळले, आणि शेंगदाण्याविरुद्धची प्रतिपिंडे मेथीतल्या प्रथिनांनाही चिकटतात असे दिसून आले. तिसरी गोष्ट वाटाण्याची. वाटाण्याची उसळ सहज पचवणाऱ्या माणसालाही, वाटाण्यापासून वेगळी काढलेली प्रथिने घट्ट स्वरूपात घातलेली पेये आणि वड्या त्रास देऊ शकतात, कारण त्यात एका घासात पोटात जाणारे प्रथिन उसळीच्या वाटीपेक्षा कितीतरी जास्त असते.

शिवाय डाळींची स्वतःची अ‍ॅलर्जी असते, शेंगदाण्याशी तिचा संबंध असो वा नसो. स्पेनमध्ये मसूर आणि हरभरा मुलांना बाधतात, आणि ज्यांना मसूर बाधतो त्यांच्यापैकी अनेकांना हरभरा आणि वाटाणाही बाधतो. या तिघांतले नाते शेंगदाण्याशी असलेल्या नात्यापेक्षा घट्ट आहे. आपल्याकडे मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ मध्ये हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच हरभऱ्याला भारतीय उपखंडातला प्रमुख अन्नजन्य अ‍ॅलर्जीकारक म्हटले. पाश्चात्त्यांची यादी जशीच्या तशी आपल्याकडे आणून भागणार नाही, एवढे त्यावरून मला पटले. ज्या देशात बेसनाशिवाय सण होत नाही, त्या देशाने हरभऱ्याकडे स्वतःच्या नजरेने पाहायला हवे.

मुलाची आजी मला एकदा म्हणाली, “आमच्या वेळी कुठं होत्या गं असल्या अ‍ॅलर्ज्या?” तिच्या स्वरात टोमणा नव्हता, खरोखरचा गोंधळ होता. मला आमच्या वाड्यातली एक काकू आठवली. ती हळदीकुंकवाला आली तरी चिवड्यातले दाणे वेचून बाजूला ठेवत असे. तिला ‘पित्त उठते’ असे सगळे म्हणत, आणि कधी चुकून खाल्ले गेलेच तर तिची सासू आमसुलाच्या पाण्याने तिचे हात पुसत बसे. लालसर, आंबट वासाचे ते पाणी, हातावर फुललेल्या चट्ट्यांवरून ओघळणारे, मी दारात उभी राहून पाहिले आहे. नाव नव्हते म्हणून आजार नव्हता असे म्हणता येत नाही. पण आजीच्या बोलण्यात तथ्यही आहे. कर्नाटकातल्या प्रौढांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की तिथे रक्ततपासणीत कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे असलेले लोक सुमारे २६.५ टक्के होते, तर संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी असलेले अवघे १.२ टक्के. म्हणजे आपल्या लोकांत कागदावरचे ‘पॉझिटिव्ह’ फार आणि प्रत्यक्ष त्रास कमी. जिथे ही दरी इतकी रुंद आहे, तिथे लक्षणे नसताना केलेली सरसकट तपासणी घरात किती निष्कारण भीती आणत असेल!

आणि वर्ज्य करणे हा नेहमीच सुरक्षित मार्ग असतो, हा समजही आता टिकलेला नाही. धोक्यातल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये दिला होता आणि २००८ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के आणि इस्रायलमधल्या मुलांमध्ये ०.१७ टक्के आढळले. इस्रायलमधली बाळे पहिल्याच वर्षी दाण्याचा कुरकुरीत खाऊ खात होती. मग लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटाने तीव्र एक्झिमा (खाज सुटणारा त्वचाविकार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळे घेऊन प्रयोग केला, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आला की लवकर आणि नियमित दाणे खाणाऱ्या बाळांमध्ये पाच वर्षांच्या वयाला ही अ‍ॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होती. अर्थात हे अ‍ॅलर्जी जडण्यापूर्वीचे आहे. ज्याला ती जडली आहे त्याला घरी दाणे चाटवून पाहणे हा जिवाशी खेळ आहे. पण खाता येणारे अन्न उगाच बंद ठेवण्याचीही काही किंमत असते, हे या प्रयोगाने मला शिकवले. शाकाहारी घरातल्या वाढत्या मुलाच्या बाबतीत ती किंमत वजनकाट्यावरही दिसते.

भाचीने शेवटी अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांना गाठले. त्यांनी आधी कागद बाजूला ठेवून खोदून खोदून विचारले: लाडवाच्या त्या प्रसंगाआधी मुलगा काय काय खात होता? सहाव्या महिन्यापासून तो मुगाची खिचडी आणि तुरीचे वरण रोज खात होता, आणि त्याला कधीही काही झाले नव्हते. हा प्रश्न याआधी कोणीच विचारला नव्हता. मग रुग्णालयात, अ‍ॅड्रेनलिन आणि प्राणवायू हाताशी ठेवून, एकेक डाळ खाऊ घालण्याची चाचणी ठरली. पहिल्या वेळी मीही गेले होते. घरून शिजवून नेलेले वरण स्टीलच्या डब्यात होते आणि झाकण काढताच त्या फिनाइलच्या वासाच्या खोलीत हिंग-तुपाचा वास पसरला. आधी बोटाच्या टोकाएवढे, थोड्या वेळाने पाव चमचा, मग अर्धा, मग चमचाभर, आणि प्रत्येक वेळी परिचारिका त्याचा सदरा वर करून पोट आणि पाठ पाहत होती. मुलगा पहिला चमचा तोंडात घ्यायला तयार नव्हता. भाचीने तोच चमचा आधी स्वतः चाटला, त्याच्याकडे पाहून हसली, आणि तिचा दुसरा हात मात्र पर्सच्या पट्ट्यावर इतका घट्ट आवळलेला होता की बोटे पांढरी पडली होती. वाटी संपली, काही झाले नाही. तूर झाली, मूग झाला, पुढच्या काही महिन्यांत मसूर आणि हरभराही झाला.

काही झाले नाही, या तीन शब्दांसाठी केवढी तयारी करावी लागते.

डॉक्टरांनी सोडवलेली दुसरी गाठ तेलाची. भाचीच्या घरी हौसेने लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आणत, आणि मुलासाठी वेगळे तेल वापरूनही इतरांच्या तळणात तेच होते. शुद्ध, सकस म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, त्या घाण्याच्या तेलात दाण्याचे प्रथिन शिल्लक राहते. पूर्ण रिफाइंड तेलात ते जवळजवळ उरत नाही. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेले देऊन पाहिली होती. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने ६ जणांना झाला. भाचीने घरातून दोन्ही काढली आणि सूर्यफुलाचे तेल आणले. भाजण्या-उकडण्यातही असाच फरक आहे. कोरड्या आचेवर भाजल्याने दाण्यातली काही प्रथिने प्रतिपिंडांना अधिक घट्ट चिकटतात, उकडल्यावर काही प्रथिने पाण्यात उतरतात. पण म्हणून उकडलेल्या शेंगा अशा मुलाला चालतील असे मुळीच नाही. आजोळच्या त्या मिठाच्या पाण्यातल्या गरम शेंगा त्याच्या वाट्याला बहुधा येणार नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाहेरच्या जगात अडचण वेगळीच आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटावर शेंगदाणे आणि सोयाबीन असल्याचे जाहीर करावे लागते, इतर डाळी त्या यादीत नाहीत. आणि भेळेच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, शाळेतल्या मित्राच्या डब्यावर कसले वेष्टन? तिथे फक्त माणसे असतात, आणि त्यांना सांगावे लागते, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. “थोड्यानं काय होतंय” हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने उच्चारले जाते आणि तेच सर्वांत घातक आहे. भाचीच्या पिशवीत आता डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना, अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज असते. कधीही स्वतः टोचता येईल अशी तयार पेने आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून तिने आणि जावयांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन कसे द्यायचे ते शिकून घेतले. खाजेच्या गोळीने गांधी बसतात, पण घशाची सूज आणि खाली जाणारा रक्तदाब तिने थांबत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे, आजीलाही. उपवासाला ती आता स्वतःसाठीसुद्धा खिचडीत कूट घालत नाही, ओले खोबरे घालते.

राहिली मेथी. डॉक्टरांच्या विचारपूस करण्यातून एक जुनी गोष्ट पुढे आली: शेजारी बाळंतपण झाले तेव्हा आलेला मेथीचा लाडू या मुलाने चाटला होता आणि त्याच्या तोंडाभोवती लाल पुरळ उठले होते. तेव्हा दोष सुकामेव्याला दिला गेला होता. आता संशय मेथीवर आहे, आणि शेंगदाण्याशी तिचे नाते पाहता डॉक्टर तिच्या बाबतीत घाई करायला तयार नाहीत. दिवाळीनंतर मेथीची त्वचाचाचणी करायची आणि मग पुढचे ठरवायचे, असे त्यांनी सांगितले आहे. तोवर आजीने लोणच्याचा मसाला मेथीशिवाय कुटला आहे, डोशाच्या पिठात मेथीदाणे भिजवणे बंद केले आहे, आणि विकतचा सांबार मसाला घेताना ती दुकानदाराला पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवायला लावते.